परवानग्या बिघडल्या म्हणून सर्व्हर पुसू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातला जुना संगणक मोडीत न काढता त्याचाच छोटा सर्व्हर करून त्यावर छायाचित्रे, कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे ठेवणारी कुटुंबे आता आमच्या बडोद्यातही दिसू लागली आहेत. असा सर्व्हर उभारावा कसा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावरील फायलींच्या परवानग्या बिघडल्यावर तो सावरावा कसा, हे मराठीतून सांगणारे मला तरी कोणी भेटले नाही. गेल्या महिन्यात हा प्रसंग आमच्याच घरी ओढवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दांडिया बाजारातील आमच्या घरी डेबियन लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर चालणारा एक सर्व्हर आहे. आजोबांच्या मोडी कागदांची स्कॅन केलेली चित्रे आणि आईच्या आवाजातील भजने त्यावर आहेत. पुतण्याला छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये नवी छायाचित्रे टाकता येईनात, तेव्हा कोणीतरी त्याला ‘सरळ 777 देऊन टाक’, म्हणजे सर्वांना सगळ्या परवानग्या दे, असा सल्ला दिला. कमांड लिहिताना पहिल्या तिरप्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली. एकटी तिरपी रेघ म्हणजे साऱ्या यंत्रणेचे मूळ, त्यामुळे ती कमांड एका फोल्डरऐवजी साऱ्या यंत्रणेवर मुळापासून चालली. फायली पुसणारी ‘आरएम’ ही कमांड मुळावर चालवू गेल्यास लिनक्समध्ये ती नकार देते. परवानग्या बदलणाऱ्या ‘चमॉड’ या कमांडला मात्र ‘प्रिझर्व्ह-रूट’ हा पर्याय आपण होऊन दिला नाही, तर ती काहीही न विचारता सगळे बदलत जाते.

सर्वांना सगळी मुभा दिल्याने बिघडणार काय, असे पुतण्याने मला विचारले. मला हा प्रश्न रास्त वाटतो, कारण 777 चा सल्ला देणाऱ्यांनाही त्याचे उत्तर बहुधा ठाऊक नसते. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि चालवण्याचा 1 अशी बेरीज करून मालक, गट आणि इतर यांच्यासाठी एकेक आकडा ठरतो; 777 म्हणजे तिघांनाही सगळी मुभा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून बडोद्याची ग्रंथालये उभी केली ती सर्वांना वाचता यावे म्हणूनच. पण वाचकाने नोंदवहीत खाडाखोड करावी अशी मुभा कोणत्याही ग्रंथालयात नसते. यंत्रणेतील काही फायली अशाच नोंदवह्या आहेत, आणि आपल्यावर कोणीही लिहू शकतो हे दिसताच त्यांच्यावर विसंबणारे प्रोग्राम काम करण्याचे नाकारतात. दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरू देणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्राम आपली खासगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, इतरांना वाचता येते हे पाहून ती वापरतच नाही, त्यामुळे सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की दुसऱ्या खोलीतून त्यात शिरण्याची वाट बंद होते. शिवाय या तीन आकड्यांच्या आधी चौथा आकडा असतो, तो बहुतेकांच्या नजरेस पडत नाही. रूटचे, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवून देणाऱ्या ‘सुडो’ या प्रोग्रामची परवानगी 4755 असते. त्यातील 4 मुळे सामान्य वापरकर्त्याने चालवलेला हा प्रोग्राम मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालतो. 777 दिल्यावर तो 4 नाहीसा होतो. त्याच कामाच्या ‘एसयू’ या दुसऱ्या प्रोग्रामचेही तसेच होते. ज्या अधिकाराने चूक दुरुस्त करायची, तो अधिकार मिळवण्याचे मार्गच अशा रीतीने बंद होतात.

सर्व्हर घेऊन मी एका दुकानात गेलो. तेथे ‘फॉरमॅट करावे लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. मला त्याचा आजही खेद वाटतो. परवानग्या बदलल्याने फायलींतील मजकुराला धक्का लागत नाही. आमच्या कागदांचे एक अक्षरही हललेले नव्हते. ज्याला हे माहीत नाही, तो अशा उत्तराला मान डोलावतो आणि ज्याची दुसरी प्रत नाही असे काही कायमचे घालवून बसतो.

अशी चूक लक्षात आली की पहिली गोष्ट म्हणजे यंत्र बंद करू नये. रूटचा एखादा टर्मिनल, म्हणजे कमांड लिहिण्याची खिडकी, उघडा असेल तर तो तसाच ठेवावा, कारण त्यातूनच सुडोला 4755 आणि सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणाऱ्या सुडोअर्स या फाइलला 440 परत देता येते. तसा टर्मिनल नसेल तर त्याच आवृत्तीचे लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र सुरू करावे, आतली डिस्क जोडावी आणि ‘सीएचरूट’ या कमांडने तिच्यात रूट म्हणून शिरावे. डेबियन किंवा उबुंटू असल्यास बसवलेली सगळी पॅकेजे, म्हणजे प्रोग्रामांचे तयार गठ्ठे, ‘रीइन्स्टॉल’ करावीत, म्हणजे प्रत्येक पॅकेजमधील प्रोग्राम आपल्या मूळ परवानग्यांसह पुन्हा जागेवर येतात. मी दोन दिवस अडलो ते याच्या पुढच्या पायरीवर. आधीपासून असलेल्या फोल्डरांच्या परवानग्या या मार्गाने सुधारत नाहीत, आणि पासवर्डांची ‘शॅडो’ फाइल किंवा एसएसएचच्या किल्ल्या पॅकेजमध्ये नसतातच. त्या हातानेच द्याव्या लागतात: शॅडोला 640, खासगी किल्ल्यांना 600, रूटच्या घराला 700 आणि तात्पुरत्या फायलींच्या ‘टेम्प’ फोल्डरला 1777. या शेवटच्या आकड्यातील 1 राहून गेला, तर एकाची तात्पुरती फाइल दुसरा कोणीही पुसू शकतो.

फेडोरा आणि त्या कुळातील लिनक्समध्ये काम सोपे आहे, कारण तेथे पॅकेजे सांभाळणाऱ्या ‘आरपीएम’ या प्रोग्रामच्या नोंदीतच परवानग्या असतात आणि ‘सेटपर्म्स’ या पर्यायाने त्या परत बसवता येतात. चूक ‘चमॉड’ऐवजी मालक बदलणाऱ्या ‘चोन’ या कमांडची असेल, म्हणजे मालकच बदलले गेले असतील, तर आधी मालक परत लावणारा ‘सेटयूजीआयडीज’ हा पर्याय आणि मग ‘सेटपर्म्स’ हा क्रम पाळावा. मालक बदलताना तो चौथा आकडा पुसला जातो, त्यामुळे उलट क्रमाने केलेली मेहनत वाया जाते.

खरे तर हा सगळा खटाटोप एका कमांडने वाचला असता. यंत्र नीट चालत असताना ‘गेटएफएसीएल’ने सर्व फायलींचे मालक आणि परवानग्या एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात, आणि ‘सेटएफएसीएल’च्या ‘रिस्टोअर’ पर्यायाने त्या परत लावता येतात. ही फाइल मी आता दर रविवारी दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. अनेक जण आपली राखीव प्रत नेहमीच्या पेनड्राइव्हवर फायली उचलून ठेवून घेतात. त्यावरील फॅट किंवा एक्सफॅट रचनेत लिनक्सच्या परवानग्या साठवण्याची सोयच नसते, त्यामुळे मजकूर वाचतो पण परवानग्या जातात. त्याऐवजी फायली परवानग्यांसकट एकत्र बांधणाऱ्या ‘टार’ची एकच फाइल करून ती तेथे ठेवावी.

पुतण्याची मूळ अडचणही येथे सांगतो, कारण ती घरोघरी येणारी आहे आणि तिला 777 ची मुळीच गरज नव्हती. घरातील माणसांचा एक गट करावा, छायाचित्रांचे फोल्डर त्या गटाच्या नावे करावे, आतील फोल्डरांना 2770 आणि फायलींना 660 द्यावे. येथील 2 मुळे पुढे त्या फोल्डरांत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. आमच्याकडे आता पुतण्या, सूनबाई आणि मी असे तिघेही छायाचित्रे टाकतो. मोडी कागदांचे फोल्डर मात्र वेगळे ठेवले असून ते बाकीच्यांना फक्त वाचता येते.

आपल्या वृत्तपत्रातील तंत्रज्ञानाच्या पानावर परवानग्यांच्या दुरुस्तीविषयी एखाद्या जाणकाराकडून सविस्तर मराठी लेख लिहून घ्यावा, ही विनंती. त्यात कमांड जशाच्या तशा छापाव्यात, मोकळ्या जागेसकट.

आपला विश्वासू,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे