बोर्ड लावण्याआधी सांगाडा तपासा

बेसा-मानेवाडा भागात जुन्या घरांवर हलक्या स्टीलच्या सांगाड्याचा मजला चढवण्याचे काम अलीकडे दिसू लागले आहे. काम झटपट होते, जुन्या भिंतींवर वजनही कमी येते. पद्धत चांगलीच आहे. काळजी वाटते ती अंमलबजावणीची.

आमच्या शेजारी प्लंबरने पाइप न्यायला मजल्याच्या सी-आकाराच्या पट्ट्यांची खालची कडच ग्राइंडरने कापली. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा तो, त्याची ताकद या दुमडलेल्या कडांतच असते. छिद्र घ्यायचेच तर मधल्या उभ्या भागात, तेही डिझाइनप्रमाणे. दुसऱ्या दिवशी त्यावर बोर्ड (सांगाडा झाकणारे तक्ते) लागले आणि कापलेला भाग कायमचा झाकला गेला. शिवाय कापल्या-वेल्डिंग केल्याच्या जागी जस्ताचा थर जातो आणि गंज धरतो.

अशा बांधकामासाठी आयएस ८०१ हे भारतीय मानक कित्येक दशकांपासून आहे. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात डिझाइनसाठी नागपूरच्या वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. हलका मजला वावटळीत उचलला जाऊ नये म्हणून खालच्या बांधकामाशी अँकर बोल्टने जखडणे आणि भिंतींत तिरपे ब्रेसिंग (तिरपे आधार) देणे अत्यावश्यक आहे. भूकंपाच्या दृष्टीने आपण कमी धोक्याच्या पट्ट्यात असलो, तरी हे सोडून चालत नाही.

स्थानिक प्रशासनाने बोर्ड लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सहीनिशी तपासणी आणि सांगाड्याचे फोटो सक्तीचे करावेत.

– एक रहिवासी, बेसा, नागपूर