शेवटच्या गाडीचे गाव

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहलीचा विषय काढलास आणि मी उत्तर देणार तोच तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सूनबाईचे म्हणणे मला पूर्ण पटले. लग्नाला तीन वर्षे होऊन गेली, दोघांना एकाच वेळी आठ दिवसांची रजा पहिल्यांदाच मिळते आहे, परदेश तर पाहायचा आहे, पण शहर नको, रांगा नकोत, आणि घराचा हप्ता चालू असल्यामुळे खर्चही हाताबाहेर जायला नको. तुम्ही पाठवलेली तिन्ही पॅकेजे मी चष्मा लावून नीट वाचली. एकात पाच रात्रींत तीन बेटे आहेत आणि दुसऱ्यात सहा रात्रींत चार शहरे. मी बत्तीस वर्षे एस.टी.त काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. वेळापत्रक पाहिले की त्यात बसणारा माणूस किती दमणार आहे, हे मला आकड्यांवरून कळते. या तिन्हींत तुम्ही इथल्यापेक्षा जास्त दमाल आणि वर पैसे देऊन दमाल.

एखादे गाव शांत आहे की नाही, हे छायाचित्रांवरून ठरवू नये. त्या गावाला दिवसाची शेवटची गाडी किती वाजता जाते आणि ती तिथेच मुक्कामाला राहते की रिकामी परत फिरते, हे विचारावे. तुला आठवते का, तू तिसरीत असताना हट्ट करून राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीला मुक्कामी गाडीने माझ्याबरोबर आला होतास? रात्री साडेआठला गाडी देवळापुढे लागली, चालकाने इंजिन बंद केले आणि तू दचकून मला विचारलेस, ‘आप्पा, काय बंद पडलं?’ काहीच बंद पडले नव्हते. तोपर्यंत इंजिनाच्या घरघरीखाली दबलेले ओढ्याचे पाणी तुला पहिल्यांदा ऐकू आले होते. ज्या गावात संध्याकाळनंतर कोणी येऊ शकत नाही आणि तुम्हालाही कुठे जाता येत नाही, तसे एक गाव शोधा आणि पाचही रात्री तिथेच राहा, एवढेच माझे सांगणे आहे. बाकीचा तपशील त्याच्या पोटात येतो.

आता असे गाव कुठे? मी नेपाळ सुचवतो. नेपाळ म्हणजे काय परदेश, असे तुझ्या ऑफिसातले लोक म्हणतील, म्हणू देत. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे, साल विक्रम संवताचे म्हणजे आपल्या इसवी सनाच्या साधारण ५७ वर्षे पुढचे आहे, आणि आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. एवढे सगळे वेगळे असूनही दुकानांवरच्या बहुतेक पाट्या देवनागरीत, त्यामुळे तुझ्या आईलासुद्धा तिथे कधी परक्यासारखे वाटले नाही.

आमची नेपाळयात्रा तुला माहीत आहेच. माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, २०१७ सालच्या नोव्हेंबरात, एका यात्रा कंपनीबरोबर (नाव घेत नाही, माणसे वाईट नव्हती, नियोजन वाईट होते) आम्ही नऊ दिवसांत अकरा ठिकाणे केली. पोखऱ्याहून काठमांडूला जाताना डुम्रे नावाच्या नाक्यावर आमच्या बसचे मागचे चाक बसले आणि स्टेपनी काढून पाहिली तर तीही नरम. दीड तास गेला. तुझी आई रस्त्याकडेच्या टपरीतल्या बाकावर जाऊन बसली. समोर पाटी होती, ‘बन्दिपुर’, आणि तिच्याखाली आठ किलोमीटरचा आकडा. डोंगरात वर जाणारा अरुंद रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी दोन जीपगाड्या, अगदी आपल्या वडापसारख्या, माणसे भरण्याची वाट पाहत उभ्या. तिने टपरीवाल्या म्हाताऱ्याला हिंदीत विचारले, ‘वर काय आहे?’ तो चहा गाळता गाळता म्हणाला, ‘वर जुने गाव आहे. बाजार खाली आला.’ तेवढ्यात चाक बसवून झाले आणि शिट्टी झाली. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यासमोर आम्हाला चार मिनिटे मिळाली होती आणि त्या बाकावर दीड तास. घरी आल्यावर तिने मला जास्त वेळा विचारले ते त्या वरच्या गावाविषयीच.

म्हणून मी ते शोधून वाचले. गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शहा याने अठराव्या शतकात काठमांडूचे खोरे जिंकले, त्यानंतर त्याच खोऱ्यातल्या भक्तपूरचे नेवार समाजाचे व्यापारी या डोंगरावर येऊन वसले. तिबेटकडे जाणारा व्यापारी मार्ग जवळ होता, आणि मुख्य म्हणजे खालच्या खोऱ्यात हिवतापाने माणसे मरत होती, तर वर साधारण १,०३० मीटर उंचीवर त्याची भीती नव्हती. त्यामुळे सारी उलाढाल डोंगरावर. पुढे १९५०च्या दशकात हिवताप आटोक्यात येऊ लागला, सपाटीवर राहणे शक्य झाले, आणि १९७०च्या दशकात काठमांडू-पोखरा महामार्ग डोंगराच्या पायथ्याने गेला. जिल्ह्याचे ठाणे दमौलीला हलले, व्यापारी नारायणगढला उतरले, आणि वर राहिली ती कोरीव लाकडी खिडक्यांची विटांची घरे व फरसबंदी पेठ. ज्याने आयुष्यभर रस्त्याचा हिशेब केला त्याला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. फाटा बदलला की आधी चहाचे हॉटेल जाते, मग शिंपी, मग सराफ, हे मी आपल्याच तालुक्यात पाहिले आहे. त्या पेठेत आजही वाहनांना मज्जाव आहे. गाडी गावाच्या तोंडाशी थांबते, पुढे पायी. गावाच्या कडेला टुंडीखेल नावाचे मैदान आहे, तिथून हवा स्वच्छ असेल तर धवलागिरी, अन्नपूर्णा, माछापुच्छ्रे आणि मनास्लू दिसतात. उंची आपल्या पन्हाळ्यापेक्षा थोडीच अधिक असल्यामुळे विरळ हवेचा त्रास होण्याचा प्रश्न नाही, हे सूनबाईच्या आईला अवश्य सांग, कारण त्यांनी परवा हाच प्रश्न केला होता.

एक खोट मात्र सांगून ठेवतो. बंदीपूर आता प्रसिद्ध झाले आहे आणि तिथला शनिवार म्हणजे आपला रविवार. तेव्हा रविवारी वर चढा आणि शुक्रवारी सकाळी खाली उतरा. पाच रात्री बरोबर बसतात आणि गर्दीचा दिवस टळतो.

जायचे कसे, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. स्वस्तातला मार्ग म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा आणि मग बस. पण यात जाताना दोन आणि येताना दोन दिवस जातात, म्हणजे आठातले चार. एवढी एक बचत करू नका. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडू असे विमानाने जा, तिकीट लवकर काढा, आणि बाकी सगळीकडे हात आखडा. काठमांडूहून डुम्रे सुमारे १३५ किलोमीटर आहे. आपल्याकडे हे कोल्हापूर ते सातारा याहून थोडेच जास्त; पण तिथला रस्ता त्रिशूली नदीच्या कडेकडेने घाटातून जातो आणि रुंदीकरणाने रखडतो, तेव्हा पाच-सहा तास धरून चाला. सकाळची पोखऱ्याची बस घ्या आणि डुम्रेला उतरा. विमानातून उतरल्या दिवशीच घाईने निघू नका, रात्र काठमांडूत काढा.

रात्रीचा प्रवास अजिबात नको. १२ जुलै २०२४च्या पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या, त्यांत साठाच्या वर उतारू होते. करूळ घाटात पावसाळ्यात गाडी सोडावी की न सोडावी, या निर्णयासाठी मी रात्र रात्र आगारात फोनजवळ बसलो आहे, तेव्हा हे मी घाबरून लिहीत नाही, अनुभवाने लिहितो. जून ते सप्टेंबर हे चार महिने बादच करा. दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, हाही टाळा. त्या पंधरा दिवसांत सगळा देश गावी निघतो आणि बसस्थानकांची स्थिती दिवाळीतल्या स्वारगेटसारखी होते. तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, उरकली की मंसिर लागतो. आपल्या नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा हा महिना मला सर्वांत योग्य वाटतो. आकाश धुतलेले असते, गर्दी ओसरलेली असते आणि शेतात भाताची झोडणी चालू असते. लग्नसराईही असते, त्यामुळे एखाद्या सकाळी वाजंत्री लागली तर तक्रार करू नका. वरातीत सामील व्हा.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. तुमच्या वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. सूनबाईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर तिकीटही त्याच नावाने काढ. स्थानिक बसच्या तिकिटावर तारीख विक्रम संवताची असू शकते, ती खिडकीवरच विचारून घे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे, आणि हा दर स्थिर असतो. ज्या घरी उतराल तिथला मालक सोळाशे म्हणाला तर आपले हजार. मात्र तो ‘आयसी’ म्हणतो आहे की ‘एनसी’, भारतीय की नेपाळी, हे आधी विचारावे, कारण सगळी भांडणे तिथेच होतात. दर माणशी आहे की खोलीचा, रात्रीचे जेवण धरून आहे की वेगळे, हेही त्याच फोनवर विचार. पाच रात्री एकाच घरी राहणार आहोत, एवढे आधीच सांगितले की घासाघीस करावी लागत नाही. रोज चादर बदलण्याचे काम वाचणार, हे यजमानालाही कळते. आपल्या शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा तिथे सहज चालतात, तेव्हा सुट्ट्या नोटांचे एक पुडके जवळ ठेव आणि खेड्यात फोनने पैसे देण्यावर विसंबू नकोस.

जेवण दोन वेळा डाळ-भात-तरकारी, आणि पानात भात संपला की आग्रहाने पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. ढिंडो मिळाला तर अवश्य खा, तो आपल्या नाचणीच्या घट्ट उकडीसारखा असतो. टिमूर नावाचा मसाला चटणीत घालतात. तो चावलास की तुला तुझ्या आजोळच्या माशांच्या आमटीतले तिरफळ आठवेल, दोन्ही एकाच कुळातली झाडे. तांबड्या रश्श्याची आठवण चौथ्या दिवशी येईल, त्याला इलाज नाही.

आणि बंदीपुराचे नाव ऐकून सूनबाई म्हणाली की तिथे फार हॉटेले झाली आहेत, तर दुसरे नाव सिरुबारी. स्याङ्जा जिल्ह्यातले हे गुरुङ लोकांचे गाव. १९९७ सालापासून तिथे घरगुती मुक्कामाची सोय आहे आणि नेपाळात अशी सोय करणारे ते पहिले गाव मानतात. पाहुणा कोणाच्या घरी जाणार, हे पाहुणा ठरवत नाही, गाव पाळीपाळीने ठरवते. घरोघरी फौजेतून निवृत्त झालेली माणसे, त्यातली बरीच आपल्या गुरखा पलटणींतली, त्यामुळे हिंदी चालते. आपल्या सैनिक टाकळीला कोणी परदेशी जोडपे राहायला आले तर कसे होईल, तसेच समज. तिथे करमणूक काहीही नाही. मला विचारशील तर माझे मत सिरुबारीला आहे आणि तुझ्या आईचे बंदीपुराला, त्या बाकामुळे. दोन्ही मात्र करू नका.

आईने कांदालसूण चटणीची बरणी बाजूला काढून ठेवली आहे. ती मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या पिशवीत नको. घर ठरले की त्या यजमानाला फोन करून डुम्रेहून वर जाणारी शेवटची जीप किती वाजता सुटते, तेवढे विचार आणि मला कळव. मला ती वेळ माझ्या जुन्या डायरीत लिहून ठेवायची आहे.

तुझा
आप्पा