तीन मशिनींवर ताडपत्री : कामगार मंत्र्यांना शिरोलीहून पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, येतं, आम्ही त्याचं मशिनिंग करून पुढे पाठवतो. सात मशिनी आहेत. त्यातल्या तीन आज ताडपत्रीखाली आहेत. ऑर्डर आहे, वीज आहे, ऑपरेटर नाही. बँकेचा हप्ता मात्र सातही मशिनींचा जातो.

२०२५ मध्ये दिवाळी, छठ आणि बिहारची विधानसभा निवडणूक एकापाठोपाठ आली. कोल्हापूरहून बिहारमार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. त्या गाडीने माझ्याकडची अकरा कामगार पोरं गेली. सहा परत आली. न आलेल्यांपैकी एक सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा, होता, चार वर्षांत इथेच शिकलेला. फोन केला तर म्हणाला, गावापासून चाळीस किलोमीटरवर काम मिळालंय. पगार किती, विचारलं. इथल्यापेक्षा चार हजारांनी कमी! मी म्हटलं, वेडा आहेस का? तो म्हणाला, "सेठ, वहाँ भाड़ा नहीं लगता, और खाना माँ बनाती है."

रागाच्या भरात मीही मग हिशेब मांडला. खोलीभाड्यातला त्याचा वाटा, मेसचे पैसे, वर्षातून दोनदा गावाला जाण्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा बुडालेला पगार. चार हजार कधीच संपले. पोरगं वेडं नव्हतं.

त्याची खोली मी पाहिली होती. दहा बाय बाराची, त्यात सहा जण. तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर आडवा व्हायचा, अंथरूण कधी गार म्हणून होत नसे. एक संडास तीन खोल्यांना. गावातल्या घरमालकाने मागच्या परड्यात पत्रा टाकून काढलेल्या अशा खोल्या आमच्या अख्ख्या पट्ट्यात आहेत. ज्या वसाहतीत माणसं राबायला हवीत, तिथे ती झोपणार कुठे, हा प्रश्न प्लॉट पाडताना कुणाला पडला नसावा.

आता तुम्ही विचाराल, कोल्हापूरची पोरं कुठे गेली? आहेत की. सकाळी मैदानावर पोलीस भरतीसाठी पळतात, दिवसा मोटारसायकलवरून पार्सल पोचवतात. त्यांना नावं ठेवणारे उद्योजक मी बैठकांत रोज ऐकतो, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत." मला ते पटत नाही. १४०० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ओतायचं, फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतानाची, धूळ छातीत घ्यायची, बारा तास उभं राहायचं आणि दहा वर्षांनीही ठेकेदाराच्याच हजेरीवर नाव. बरं, मुलगा फौंड्रीत आहे म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा पुरा पीत नाहीत. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो. मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या पोराला भट्टीपुढे उभं राहा म्हणू?

आमचंही चुकलं. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोरांना हाताला धरून कारागीर केलं. आम्ही ठेकेदाराला फोन करायला शिकलो. दहा माणसं पाठव, म्हटलं की यायची. तो त्यांना काय देतो, त्यातलं किती कापतो, विचारलं नाही. नियुक्तिपत्र द्यायची माझी सुरुवातही अलीकडचीच.

पण पगार वाढवा म्हणणाऱ्यांनी आमची दुसरी बाजूही बघावी. जॉबचा दर ठरवते पुण्याची किंवा बाहेरची मोठी कंपनी. आम्ही वाढ मागितली की राजकोट, कोइमतूरची कोटेशन समोर ठेवली जातात. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत. एका बड्या ग्राहकाकडून माझे पैसे पाचव्या महिन्यात आले. तक्रार केली असती तर पैसे आले असते आणि ऑर्डर गेली असती. पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो. तुमच्या खात्याचा याच्याशी संबंध नाही, असं म्हणू नका. ज्याचे पैसे अडकलेत तो कामगाराला ओव्हरटाइम वेळेवर देईल कसा?

शेतातही हीच गत. करवीर तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे. ऊसतोडीची टोळी वेळेवर आली नाही की उसाला तुरा येतो आणि वजन घटतं. टोळी आली की 'एन्ट्री' द्या, 'खुशाली' द्या, म्हणजे वरचे पैसे मोजा. शेतकरी वैतागून तोडकऱ्याला शिव्या देतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी बीडकडून येणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत बांधलेलाच. आणि कधी मुकादमच उचल घेऊन पसार होतो. मग ट्रॅक्टर मालक कर्जात, टोळी दुसऱ्याच कारखान्याकडे आणि आमचा ऊस फडात. हार्वेस्टर घ्या म्हणतात. माझ्या वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते धूड वळणार कसं, ते आधी कुणीतरी दाखवावं.

गुऱ्हाळाचं तर बोलायलाच नको. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण काहिलीतल्या, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतल्या, रसाचा रंग आणि बुडबुडा बघून, बोटावर चाचणी घेऊन ती नेमकी कधी उतरवायची, हे जाणणारा गुळव्या आता म्हातारा झालाय. त्याच्या हाताखाली कुणी नाही. मानांकनाचा कागद काही काहील उतरवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नियुक्तिपत्र, परप्रांतीय कामगाराला वर्षातून एकदा गावी जायचा प्रवास भत्ता, हे चांगलंच आहे. पण भत्त्याचं कलम दहा किंवा त्याहून जास्त परप्रांतीय कामगार असलेल्या ठिकाणालाच लागतं. आमच्याकडे बऱ्याच शॉपमध्ये ते पाच-सातच असतात. खोलीही तीच, गाडीही तीच, भत्ता मात्र नाही.

तेव्हा मागणं असं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत सरकारने कामगार वसतिगृहं बांधावीत. भाडं आम्ही उद्योजक वाटून भरू, फुकट नको. एमआयडीसीने जागा तरी द्यावी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्या पोराला महिना ८,००० रुपये, आधी सहा आणि पुढे अकरा महिने मिळत होते. तेवढ्या महिन्यांत मुलगा मशीन पुसायला शिकतो, सेटिंग करायला नाही. मशीनवरच्या ट्रेडना दोन वर्षं धरा, दुसऱ्या वर्षाचा निम्मा भार आम्ही उचलतो. आणि मुकादमाची उचल आणि टोळीची नोंद एका ठिकाणी करा, म्हणजे तोडकरी किती देणं लागतो ते त्याला स्वतःला तरी कळेल.

आयटीआयचे प्रवेश सुरू व्हायच्या आत याची बैठक लावा, एवढी विनंती. मुंबईला बोलावलंत तर आम्ही चौघे उद्योजक येऊ. शिरोलीत घेतलीत तर खोल्यांत राहणाऱ्या पोरांनाही येता येईल. रविवार धरा, त्या दिवशी रातपाळी नसते.

आपला,
शिरोली एमआयडीसीतील एक मशीन शॉपवाला