तीन गुणांचे गाणे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुख्यतः युरोपातील देशांमध्ये होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेची ओळख करून देणारा आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. १९७४ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे झालेल्या स्पर्धेतील 'अ‍ॅबा' या स्वीडिश गटाचा विजय लेखकाने सविस्तर सांगितला, आणि तो सांगायलाच हवा होता. परंतु पोर्तुगालने पाठवलेले गीत तळाला गेले एवढेच सांगून ते पुढे गेले, याचे गोव्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला वाईट वाटले.

पाउलो द कार्व्हाल्यो यांनी गायलेल्या त्या गीताचे नाव 'ई देपोईश दो आदेउश', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. कोणत्याही भाषेत गाण्याची तेव्हा मुभा होती आणि अ‍ॅबाने इंग्रजीत गायले; पोर्तुगालने मात्र पोर्तुगीज सोडली नाही. ६ एप्रिलच्या त्या रात्री या गीताला अवघे तीन गुण मिळाले आणि सतरा देशांत आणखी तिघांसह ते शेवटच्या स्थानावर राहिले. प्रेयसी सोडून गेल्यावर एकाकी झालेल्या माणसाचे हे गाणे मला फार हळवे आणि देखणे वाटते, पण परीक्षकांशी वाद घालण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून हेच गीत वाजले, आणि पोर्तुगालचे पंतप्रधान मार्सेलो कायतानो यांची राजवट उलथवण्यासाठी सज्ज असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी तो तयारीचा पहिला इशारा होता. देशाची प्रवेशिका म्हणून गाणे सर्वांच्या कानांवरून गेलेले, आशय निव्वळ प्रेमाचा, त्यामुळे ते रात्री रेडिओवर लागले तर सरकारी यंत्रणेला संशय येण्याचे कारणच नव्हते. राजवटीला खुपणारी गाणी लिहिणाऱ्या झेका अफोन्सो यांचे 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावरून लागले, तो दुसरा इशारा. आणि दिवस मावळेपर्यंत जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळली होती. बंदुकांच्या नळ्यांत खोवलेल्या कार्नेशनच्या फुलांची छायाचित्रे आपल्या वाचकांनी पाहिली असतील.

गोव्याशी याचा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, त्याचे श्रेय स्वातंत्र्यसैनिकांचे आणि भारतीय सैन्याचे, त्यात कोणत्याही गाण्याचा वाटा नाही. मात्र पोर्तुगालने ही वस्तुस्थिती तेरा वर्षे मान्य केली नव्हती. एप्रिलच्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ती मान्य केली, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारान्वये गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने स्वीकारले.

२०१७ साली पोर्तुगालने पोर्तुगीज गीतानेच ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली, याची नोंद आपल्या लेखात आहेच. १९७४ च्या गीताचीही एवढी हकिगत तिच्याशेजारी यावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या डिसेंबरमधील मुक्तिदिन विशेषांकात ३१ डिसेंबरच्या कराराला आणि त्यामागील एप्रिलच्या त्या रात्रीला जागा द्यावी, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक वाचक, म्हापसा