पर्वतीवरच्या काकांनो, मनापासून आभार

मार्चमध्ये नोकरी गेली. घरी सांगायची हिंमत नव्हती. रोज डबा घेऊन निघायचो, पर्वतीच्या पायऱ्या चढायचो आणि दुपारपर्यंत वर बसून राहायचो.

तुम्ही पाच-सहाजण रोज यायचात, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत. एके दिवशी पांढऱ्या टोपीवाल्या काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. "डबा रोज इथंच उघडतोस. काय झालंय रे?" एवढंच विचारलं, आणि मी ढसाढसा रडलो. पंचेचाळिशीचा बाप्या! पण "पुरुषासारखा पुरुष..." असं कुणी म्हणालं नाही. उलट दुसरे काका म्हणाले, "रिटायर झाल्यावर सहा महिने मला झोप नव्हती. गोळ्या घेतल्यात मी."

मग कुणीतरी माझ्याच मोबाइलवरून टेलिमानसचा 14416 लावून दिला. मनाच्या त्रासावर बोलायची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मला पत्ताच नव्हता. मी बोलत होतो तेवढा वेळ तुम्ही सगळे लांब जाऊन, माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. त्या पाठी अजून डोळ्यांपुढे आहेत.

त्याच संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तुमची नावं विचारायची राहूनच गेली. रविवारी येतोय. ती दोन डबे भरणार आहे, एक तुमचा.