तुर्भ्याच्या एसीवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, समोर बोलायला गेले की तुम्ही "अहो ताई, काम आहे आमचं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय, तुमची मुलगी वाचून दाखवेल.

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशी गाडी, जुनी, छतावरचा एसीही तितकाच जुना, 13,500 बीटीयूचा म्हणजे एक टनाहून थोडा मोठा, जुन्या आर-22 गॅसवाला. आईला उकाड्यात श्वास लागतो, तिला गावी न्यायचं तर रात्री इंजिन बंद ठेवून गारवा हवाच होता. ज्याला दाखवावं तो म्हणायचा गॅस भरून देतो, नाहीतर घरातला दीड टनाचा स्प्लिट टाका. तुम्ही मात्र आधी आतलं कव्हर उघडलंत. गार हवा सोडायची आणि गरम हवा ओढायची जागा, दोन्हीच्या मधली पट्टी सुटलेली, म्हणजे गार हवा खाली यायच्या आधीच मशीन परत खेचून घेत होतं! तुम्ही फॉइल टेपने ती फट बंद केलीत, थर्मामीटर लावलात, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 8 ते 11 डिग्रीचा फरक पाहिजे म्हणालात आणि तो येईना तेव्हाच सांगितलंत, ताई कॉइल गळतेय, यात पैसे घालू नका, आर-22 आपल्याकडे 2030 पर्यंत बंदच होतोय आणि याच्यात नव्या एसींमधला आर-32 गॅस भरायचा नसतो. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलेंडरमध्ये काढून घेतलात, ते तर कुणी सांगितलंही नव्हतं तुम्हाला.

स्प्लिटला पण तुम्हीच नाही म्हणालात, घरातल्या एसीचा बाहेरचा भाग हादऱ्यांसाठी बनलेला नसतो, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत गॅसच्या पाइपांचे फ्लेअर जॉइंट सैल होतील. विकला असतात तर तुमचा फायदाच होता ना.

त्याऐवजी छतावर बॅटरीवर चालणारा नवा एसी बसवायचं ठरलं, तेव्हा 24 व्होल्टचंच मशीन का ते कागदावर मांडून दाखवलंत, 700 वॉटला 12 व्होल्टवर जवळपास 60 अँपियर लागतात, 24 वर निम्मे, केबल कमी तापते. जुना कॉम्प्रेसर चालू होताना जनरेटर ट्रिप व्हायचा, हा नवा हळूहळू वेग पकडतो. 25.6 व्होल्ट 200 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण 5 युनिट, रात्र निघते. आणि छताला आतून उष्णता अडवणारा नायट्रिल फोम लावल्याशिवाय मशीन बसवणार नाही हा तुमचा हट्ट, तेव्हा मला खर्च वाटला होता, पण आता वाटतं निम्मं काम त्या फोमनेच केलंय.

मे महिन्यात गणपतीपुळ्याला गाडी लावली आणि आई सकाळपर्यंत झोपली. एवढंच हवं होतं हो आम्हाला.

तुमच्या हाताखालच्या पोरालाही सांगा, भर उन्हात छतावर बसून त्याने चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, एसीखालचं पाणी अडवणारं गॅस्केट कुठेच जास्त दाबलं नाही, अख्खा पावसाळा गेला तरी एक थेंब आत नाही.