दोरीवरची साडी आणि आईचा तोल

नौपाडा, ठाणे
दि. १८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काका मोरीत पडले, मनगट मुरगळण्यावर निभावले आणि आता त्यांना पलंगावरून उठूच द्यायचे नाही असे घरात ठरले आहे, हे वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. दीड वर्षापूर्वी आम्हीही नेमके हेच केले होते आणि त्याचा आईला त्रासच झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

काकांसारखाच आईलाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, हे तुला ठाऊक आहे. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही. पण लग्नानंतरची वीस वर्षे कोकणातल्या घरी चुलीपुढे फुंकणी घेऊन गेली आणि त्या धुराने फुप्फुसांचे केलेले नुकसान भरून येणारे नव्हते. ती पडली त्या सकाळी गॅलरीतल्या उंच दोरीवर काठीने साडी वाळत घालत होती. दोन्ही हात वर, मान मागे, आणि साडीचे ओले टोक पलीकडे ढकलताना ती एका अंगाला कलली ती थेट कठड्यावर आदळली. प्रथम ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी वयाचे कारण सांगून चक्करेच्या गोळ्या दिल्या. आई मात्र पुन्हा पुन्हा सांगत होती, "चक्कर नव्हती रे, कमरेतला आधारच सुटला." तिचे हे म्हणणे आम्ही मनावर घेतले नाही, याची खंत मला अजूनही आहे.

ते खरे होते, हे पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले. छाती आणि पोट यांच्यामधला डायफ्रॅम नावाचा स्नायू निरोगी माणसात घुमटासारखा असतो आणि आकुंचन पावून खाली उतरला की श्वास आत येतो. सीओपीडीमध्ये आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, फुप्फुसे फुगलेलीच राहतात आणि त्यांच्या दाबाने हा घुमट चपटा होतो. मग त्याला पुरेसा जोर लावता येत नाही. त्याच्या मदतीला मानेचे आणि खांद्यांचे स्नायू धावतात. आई दम लागला की ओट्यावर कोपरे टेकून पुढे वाकून उभी राहते, ते याचसाठी: हात टेकल्यामुळे खांद्यांचे स्नायू श्वासाला मोकळे होतात आणि पुढे वाकल्याने पोटाच्या दाबाने डायफ्रॅम थोडा वर उचलला जातो. हात वर केले की हीच मदत काढून घेतली जाते, म्हणून तिला जिना चढण्याइतकाच केस विंचरतानाही दम लागतो.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते याच्या पुढचे. हा स्नायू केवळ श्वासासाठी नाही, कण्याला स्थिर धरण्याचेही काम तो करतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवले की निरोगी माणसाने झटकन हात उचलला, तर खांद्याचा स्नायू हलण्याच्या सुमारे २० मिलिसेकंद आधीच डायफ्रॅम आवळला जातो, जणू शरीर आधी पाया घट्ट करते आणि मग हात उचलते. पण श्वासाची गरज वाढली की हे दुसरे काम मागे पडते, कारण शरीर श्वासाला प्राधान्य देते. दोरीवर साडी टाकताना आईचे नेमके हेच झाले असावे असे मला वाटते. शिवाय पाठीला आलेला पोक शरीराचा भार पुढे ओढतो, आणि या आजारात स्टेरॉइड बराच काळ पोटात गेले असेल तर हाडेही ठिसूळ होतात. म्हणून काकांच्या हाडांची घनता एकदा अवश्य तपासून घे.

बाईंनी दोन साध्या चाचण्या घेतल्या. एकीत आईने एका यंत्राच्या नळीतून शक्य तितक्या जोराने श्वास आत ओढायचा होता. तिचा दाब पाण्याच्या अवघा ३८ सेंटीमीटर भरला. दुसरीत खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. वयस्कर माणसाला याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका मानतात. आईला १७ लागले, आणि वळताना तिने भिंत धरली ती मी पाहिली.

मग श्वासाचा व्यायाम सुरू झाला. स्प्रिंगचे एक छोटे उपकरण मिळते, त्यातून ठरावीक विरोधाविरुद्ध श्वास आत ओढावा लागतो. आईच्या दाबाच्या साधारण ३० टक्क्यांवर, म्हणजे ११ वर, ते लावले आणि सकाळ-संध्याकाळ तीस-तीस श्वास घ्यायला सांगितले. आठ आठवड्यांनी आकडा ५२ वर गेला. तथापि एक गोष्ट तुला स्पष्ट सांगतो: श्वासाचे स्नायू बळकट झाले म्हणून तोल आपोआप सुधारत नाही, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. ओट्याला बोट टेकून एका पायावर उभे राहणे, टाचेपुढे टाच ठेवून चालणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे, हे तिने रोज केले आणि ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडत केले. उपचारांत हाच भाग बहुधा वगळला जातो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. श्वासावाटे औषध घ्यायचे पंप सगळेच लिहून देतात. रुग्ण नीट उभा राहू शकतो का, हे विचारणारे थोडे.

काकांना पलंगावर ठेवू नकोस. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतील आणि दम आणखी लवकर लागेल. मोरीत पकडायला दांडी बसव आणि आंघोळीला स्टूल दे. मोरीबाहेरचे मऊ पायपुसणेही काढून टाक, कारण या आजारात माणूस तोलासाठी घोट्यांतून येणाऱ्या जाणिवेवर जास्त विसंबतो आणि मऊ पृष्ठभागावर तीच जाणीव फसते. श्वासाचे उपकरण मात्र परस्पर विकत आणू नकोस. पूर्वी कधी फुप्फुस फुटून छातीत हवा साठली असेल, तर ते घातक ठरू शकते.

आई आता संध्याकाळी तलावपाळीला अर्धी फेरी मारते, मध्ये एका बाकावर बसते आणि उठताना माझा हात घेत नाही. दोरी आम्ही तिच्या खांद्याच्या उंचीवर आणली आहे.

पुढच्या महिन्यात काकांना घेऊन चार दिवस ये, मी बाईंची वेळ घेतो. जुने एक्स-रे आणि रिपोर्ट आण, आणि काकांच्या रोजच्या चपलाही आण, नव्या नकोत. चालण्याची चाचणी त्याच चपलांत घ्यायची असते.

तुझा,
ठाण्याचा मित्र